उभ्या लॉरीची गुरगुर

आमच्या कुंडलिकतात्यांच्या लॉरीत भोरपासून वेल्ह्यापर्यंत कोण बसलं नव्हतं ते विचारा. हिरड्याची पोती बसली, तांदळाची पोती बसली, पोत्यांवर माणसं बसली आणि माणसांच्या मांडीवर कोंबड्या बसल्या. एकदा एक रेडकू बसलं होतं. सगळ्या उतारूंत तेवढंच काय ते शहाण्यासारखं वागलं, असं तात्या सांगत. बसली नव्हती ती फक्त तात्यांची स्वतःची बायको.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते आणि ठकूनानी त्यांची बायको, माझी चुलती. गोष्ट सदतीस-अडतीस सालची, माझ्या जन्माच्या आधीची. मला ती दोघांनीही सांगितली, पण वेगवेगळी. तात्यांच्या गोष्टीत तात्या शहाणे असत, नानीच्या गोष्टीत नानी. दोघं एकदम सांगायला बसली की भांड्याला भांडं लागायचं आणि गोष्ट बाजूला राहायची. म्हणून मी दोघांचं वेगवेगळं ऐकून घेतलं आणि जे मला पटलं ते इथं सांगतो आहे. कुणाला निराळं काही ठाऊक असेल तर त्याने ते आपल्यापाशी ठेवावं. मध्येच तोंड घातलेलं मला खपत नाही.

आमचं घर भाटघरला, रस्त्याच्या कडेला. भोरकडून येणारा रस्ता तिथं चढणीला लागतो आणि घर त्या चढणीच्या बरोबर मध्यावर आहे. त्यामुळे भोरहून वेल्ह्याकडे जाणारी गाडी आमच्या दाराशी चढत येते आणि वेल्ह्याहून परतणारी उतरत येते. ही चढ-उताराची बाब ध्यानात ठेवा. तात्यांनी ठेवली नाही, म्हणून तर एवढं रामायण झालं.

नानीचं माहेर पाली, राजगडाच्या पायथ्याचं. लग्न लागल्यावर ती भाटघरला निघाली ती बैलगाडीतून. वाटेत मार्गासनी यायच्या आधी एक ओढा लागतो. ओढ्यात उतरताना गाडीचा आख मोडला. गाडी एका अंगावर कलली आणि नवी नवरी घसरत थेट चाकाच्या तोंडाशी आली. त्या वेळी बैलांनी बुजून एक पाऊल जरी पुढं टाकलं असतं तरी सगळा खेळ तिथंच आटोपला असता. पण बैल उभे राहिले. गाडीचं सगळं ओझं मानेवर आलं, तरी हलले नाहीत. लोकांनी नवरीला ओढून बाहेर काढलं. पायातलं एक जोडवं तेवढं पाण्यात गेलं, ते गेलंच.

तिथून पुढं सगळं वऱ्हाड पायी आणि नवरीही पायी. भाटघर येईपर्यंत तिच्या पायाला फोड आले होते. ते तात्यांनी बघितलं. त्या वेळी नव्या नवरा-बायकोने चारचौघांत बोलायची पद्धत नव्हती, तरी तात्या संधी साधून हळूच बोलले, "पुन्यांदा म्हायेरला नेईन तर अशा गाडीतनं नेईन, की तिचा आख मोडायचा न्हाई. म्होरं बसवून नेईन."

नानीने त्या दिवशीच्या दोन गोष्टी गाठीला बांधल्या. एक हे वचन. दुसरी म्हणजे, जे वाहन उभं केल्यावर उभं राहतं त्याच्यावरच जीव सोपवावा.

तात्या पुढं पुण्याला गेले, दुसऱ्यांच्या लॉऱ्या धुतल्या, थंडीत इंजिन सुरू करायला हांडेल मारून मारून हाताची सालं काढून घेतली, ड्रायव्हर लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि शेवटी स्वतः ड्रायव्हर होऊन परत आले. हे सगळं त्या वचनापायी केलं असं ते कधी म्हणाले नाहीत. पण पोट तर इथल्या भातावर भरत होतं. नुसत्या पोटासाठी एवढ्या शिव्या कोण खातो?

भोरात रखमाजीशेठ म्हणून हिरड्याचे व्यापारी होते. त्यांनी पुण्याहून एक जुनी अमेरिकन लॉरी आणली. आधीच्या मालकाने वापरून वापरून तिला तिचा रंगसुद्धा विसरायला लावला होता. तरी तिचं नाक उंच होतं, दिवे वटारलेल्या डोळ्यांसारखे होते आणि भोंगा असा की भोरात वाजवला तर भाटघरची म्हैस पान्हा चोरायची. त्या लॉरीवर तात्या ड्रायव्हर लागले. लॉरी आली नवरात्रात आणि नानीचे होते उपास. म्हणून ठरलं, की दसऱ्याला तिने पहिल्यांदा लॉरीत बसायचं, भोरला जाऊन दसरा बघायचा आणि पुढं सवड मिळाली की पाली.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. विळा, कोयता, नांगर, सगळ्यांना कुंकू लागतं. त्या दिवशी तात्यांनी लॉरी दारात आणून उभी केली. झेंडूच्या माळा घातल्या आणि बानेट उघडून ठेवलं, कारण खरी पूजा पोटातल्या इंजिनाची. गाडीवर आधीच कुणाकुणाची माया जडलेली होती. शेठच्या आईने लिंबू-मिरच्या लावल्या होत्या, शेठने घोड्याचा नाल ठोकला होता आणि काळे दोरे कुणी कुठं बांधले होते याला गणती नव्हती.

नानीने ओवाळलं आणि विचारलं, "अवं, हिचा जीव कुठं असतो?"

असा प्रश्न कुणी विचारला की तात्यांना मूठभर मांस चढायचं. ते म्हणाले, "ह्यो बघ. ह्याला कारबोरेटर म्हंत्यात. वारा हितनं आत जातो, पेट्रोल हितनंच आत जातं. हिचा गळाच म्हण की. ह्यो धरला की गाडी मेली."

नानीने तो गळा नीट बघून घेतला. तात्या जेवायला आत गेले. नानी हळद-कुंकू वाहायला मागं राहिली आणि बराच वेळ आली नाही. तात्यांना वाटलं, हिला लॉरी आवडली म्हणायची. त्यांना पुरणपोळी नेहमीपेक्षा गोड लागली.

दुसऱ्या दिवशी दसरा. तात्या सकाळी वेल्ह्याकडे गेले, हिरडा भरून दुपारी परतले आणि उतार उतरून ऐटीत दाराशी थांबले. नानी हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून उभी होती. शेजारपाजार जमला होता. तात्यांनी ब्रेक लावला, गेर काढला, पेडलावरचा पाय उचलला आणि नानीसाठी दार उघडलं.

आता इंजिनाने हळू व्हायला पाहिजे होतं. ते झालं नाही. घूंऽऽऽ करून ते असं काही गुरगुरायला लागलं, की सगळी लॉरी थरथरू लागली, दिवे खडखडले, मागच्या पोत्यांतून धूळ उडाली आणि रस्त्यातल्या शेळ्या वाट फुटेल तिकडे पळाल्या. नानीचा एक पाय पायरीवर होता. ती पायरी नानीच्या पायाखाली वळवळत होती. नानीने पाय काढून घेतला.

"बस की!" तात्या ओरडले. त्या आवाजात ओरडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"ही उभी हाय का?" नानीने विचारलं.

"उभीच हाय!"

"ही उभी न्हाई. ही निघालीया. नुसती तुमी धरून ठिवलीया." नानीने पदर सावरला. "आख मोडला तरी बैल हलले न्हाईत, म्हणून म्या जित्ती हाय. ज्या दिवशी ही बैलावानी गप उभी ऱ्हाईल, त्या दिवशी बसंन."

आणि सगळ्या आळीदेखत ती घरात निघून गेली. तात्यांनी एकट्यानेच दसरा बघितला. बघितला म्हणजे डोळे उघडे होते एवढंच.

भोरात गेनबा लोहार होता. संस्थानात मोटारी आल्यापासून तो नालाचं काम सोडून मिस्तरी झाला होता. हात चांगला होता आणि स्वतःविषयीचं मत त्याहून चांगलं. तात्यांनी लॉरी त्याच्या अंगणात उभी केली. आणि तिथं ती लॉरी अशी गप उभी राहिली, की जवळ जाऊन कान लावावा. दवाखान्याच्या पायरीवर दुखणं थांबणारे रोगी असतात ना, तसली जात.

"कुंडलिकराव, गाडी बरी हाय," गेनबा म्हणाला. "तुमचा पाय जड हाय."

"पाय उचललेला असतो, मिस्तरी!"

"मग मन जड असंल."

तात्यांना असा राग आला की विचारू नका. पण गरज त्यांना होती. शेवटी गेनबाने बानेट उघडलं आणि समजावलं. पेडल दाबलं की एक सळई ओढली जाते आणि सळईच्या टोकाची पट्टी गळ्यातली झडप उघडते. पाय उचलला की स्प्रिंग त्या पट्टीला मागं खेचते, पट्टी एका स्क्रूवर जाऊन टेकते, झडप मिटते आणि इंजिन हळू होतं. उभी गाडी गुरगुरते याचा अर्थ वारा कुठून तरी जास्त जातो आहे. एक तर झडप मिटत नाही, नाही तर वारा दुसरीकडूनच शिरतो आहे.

निदान असं अगदी बरोबर करून गेनबाने उपाय मात्र चुकीचे केले. पहिल्यांदा त्याने तो स्क्रू मागं घेतला, म्हणजे झडप जास्त मिटावी. झालं काय, की दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला जाताना आमच्याच दाराशी, चढावर, तात्यांनी एका म्हातारीला घ्यायला लॉरी थांबवली आणि इंजिन हुंदका देऊन बंद पडलं. हांडेल मारलं, चालू झालं, पाय उचलला, पुन्हा बंद. उतारूंनी खाली उतरून लॉरी ढकलली. ढकलताना ते तात्यांना जे बोलले ते मी लिहीत नाही. संध्याकाळी उतरताना तीच लॉरी त्याच दाराशी पुन्हा गुरगुरली. सकाळी मेलेली, संध्याकाळी माजलेली. स्क्रू होता तिथं परत आला.

मग वारा कुठून शिरतो ते बघायचं ठरलं. गेनबाने रिठे उकळून फेस केला आणि चालू इंजिनाच्या सांध्यासांध्यांवर लावला. जिथं फेस आत ओढला जाईल तिथं चोर, असा हिशेब. एका सांध्याचा त्याला संशय आला. सांध्यात घालायचं नवं गास्केट पुण्याहून यायचं, तोवर त्याने जुन्या पखालीचं कातडं कापून बसवलं. लॉरीला कातड्याचा वास यायला लागला. गुरगुर होती तिथं होती.

तिसरा उपाय स्प्रिंगचा. एक स्प्रिंग पट्टीला पुरेशी खेचत नसेल, म्हणून त्याने दुसरी लावली. आता पेडल इतकं ताठ झालं, की दाबता दाबता तात्यांच्या पोटरीला गोळे यायला लागले. घरी लंगडत आले. नानीने तेल गरम केलं, त्यांची पोटरी चोळली आणि चोळता चोळता म्हणाली, "धन्याला लंगडं करणारा बैल म्या तर अजून न्हाई बघितला."

तात्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

गेनबाच्या बोटांना एव्हाना फोड आले होते. हात जळल्यासारखे काळे-तांबडे फोड. त्याने ते पेट्रोलच्या माथी मारले आणि लोणी लावून मोकळा झाला. रखमाजीशेठना विचारलं तर ते म्हणाले, "गुरगुरू दे की. चालती न्हवं?" शेठच्या आईने, अंबूबाईंनी, लिंबू-मिरच्या बदलून ताज्या बांधल्या. यापलीकडे कुणाकडेच काही उरलं नव्हतं.

असे दिवस चालले असताना पालीहून निरोप आला. नानीचा धाकटा भाऊ चिमाजी याचं माघात लग्न होतं. थोरली बहीण म्हणून करवलीचा मान नानीचा, तिला आधी जाणं भाग होतं.

तात्यांच्या मनात सगळं चित्र तयार होतं. लॉरी पालीच्या वेशीत शिरते आहे, भोंगा वाजतो आहे, नानी त्यांच्या शेजारी पुढं बसली आहे आणि सासरवाडी तोंडात बोट घालून बघते आहे. रखमाजीशेठनी लॉरी द्यायचं कबूल केलं होतं. आणि नानीने शांतपणे सांगितलं, की पाहुण्यांची बैलगाडी कापूरव्होळावरून निघते आहे, मी तिथवर चालत जाईन आणि तिच्यातून जाईन.

तात्या एरवी ओरडणारे. त्या दिवशी ओरडले नाहीत. उंबऱ्यावर बसून म्हणाले, "ठकू, म्या ह्ये सगळं कुनासाठी शिकलो? लोकांच्या कोंबड्या न्यायला? तू बैलगाडीतनं गेलीस तर म्या ही चावी रखमाजीच्या हातात ठिवीन आन् नांगर धरीन."

नानीला ते लागलं. तिचे डोळे भरले, हे ती स्वतः सांगते. पण भीती होती ती होतीच, आणि ती काही लटकी नव्हती. चाकाचं तोंड तिने जवळून बघितलेलं होतं.

"मला का बसू वाटत न्हाई?" ती म्हणाली. "पर ती नीट वागतच न्हाई. जाताना कशी शहाण्यावानी गप असती. येताना गुरगुरत येती. रोज बघती म्या. तिकडं कोण भेटतं तिला, द्येव जाणं."

"जाताना गप असती?" तात्यांनी मान वर केली.

"मग! तुमी जाताना त्या म्हातारीला घ्याया थांबता, तवा घरात ऐकू बी येत न्हाई. येताना मातूर भांडी वाजत्यात."

तात्यांनी चप्पलसुद्धा घातली नाही. तसेच भोरला गेले आणि गेनबाला लॉरीत घालून घेऊन आले. दाराशी चढत आले, थांबले, पाय उचलला. लॉरी गप. पुढं जाऊन वळवली, उतरत आले, गेर बदलायला पेडल दाबलं, थांबले, पाय उचलला. घूंऽऽऽ. पुन्हा चढत, गप. पुन्हा उतरत, घूं. गेनबा पहिल्यांदाच स्वतःविषयीचं मत जरा खाली आणून म्हणाला, "आयला. ही नाक खाली केलं की बोलती व्हय!"

नाक खाली असतानाच, इंजिन चालूच ठेवून, त्यांनी बानेट उघडलं. नानीही बाहेर आली. गेनबाने वाकून बघितलं. सळई मोकळी होती. स्प्रिंगा दोन होत्या. पण पट्टी स्क्रूवर टेकलीच नव्हती. मध्ये काहीतरी अडकलं होतं. काळं, गुळगुळीत, सुपारीएवढं. बिब्बा! काळ्या दोऱ्यात ओवलेला आणि थेट लॉरीच्या गळ्यात बांधलेला. लहान पोराला दृष्ट लागू नये म्हणून बांधतात, तसा. लॉरी चढावर असली की तो मागं लोंबायचा आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. उतारावर तो पुढं यायचा आणि पेडल दाबून सोडलं की बरोबर पट्टी आणि स्क्रूच्या फटीत चिमटला जायचा. झडप मिटायची कशी?

गेनबाने दोन्ही हात मागं घेतले आणि बिब्ब्याला नमस्कार केला. तात्यांनीही केला.

"ह्यो तर म्या पहिल्याच दिवशी बघितला व्हता," गेनबा म्हणाला.

"म्या बी बघितला व्हता," तात्या म्हणाले.

"मग बोलला का न्हाई?"

"मला वाटलं तुमचा असंल. तुमी का न्हाई बोललात?"

"मला वाटलं अंबूबाईंचा असंल. दुसऱ्याचा बांधलेला दोरा कोण सोडंल? म्या आपला त्याला धक्का न लावता, आजूबाजूनं काम केलं." एवढं बोलून गेनबाने स्वतःच्या बोटांवरचे फोड बघितले. तापलेला बिब्बा उततो, त्याचं तेल लागलं की कातडी भाजते, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. गेनबाला ते त्या क्षणी आठवलं. मला या माणसांची कमाल वाटते. सगळं इंजिन खोलायला तयार, पण एक दोरा सोडायची कुणाची छाती नाही.

"त्यो माझा हाय," मागून नानी म्हणाली.

दोघांनी वळून बघितलं. लॉरी गुरगुरतच होती. तात्यांनी आत हात घालून ती बंद केली, तेव्हा कुठं ऐकू यायला लागलं.

"खंडेनवमीला बांधला," नानी म्हणाली. "तुमीच म्हणालात, ह्यो हिचा गळा, ह्यो धरला की गाडी मेली. म्हणलं, जिथं जीव हाय तिथंच बांधावा. तुमी रोज त्या घाटाघाटानं जाता. कुणाची नजर लागली तर?"

गेनबा खदखदून हसायला लागला. जी लॉरी गुरगुरते म्हणून नानी बसत नव्हती, ती नानीच्याच मायेने गुरगुरत होती. सगळा हिवाळा! तात्याही हसले. कात्री आणायला सांगितली.

"कात्री न्हाई," नानी म्हणाली. "दोरा तोडायचा न्हाई."

"अगं, त्यो काढल्याबिगार ही गप व्हायची न्हाई!"

"मग नका होऊ दिऊ गप. गुरगुरू द्या. म्या चालत जाईन, जलमभर चालत जाईन. पर त्यो तिथं हाय तवर तुमी रोज घरला येता. म्या त्यो सोडला आन् तुमी आला न्हाईत, तर म्या काय करू?"

गेनबाचं हसू थांबलं.  तात्यांना सगळा हिवाळा वाटत होतं, की हिला आपल्या लॉरीचं कौतुक नाही, आपल्या कष्टांचं कौतुक नाही. आणि ही रोज संध्याकाळी भांडी वाजायची वाट बघत बसत होती. भांडी वाजली, की नवरा आला.

ते हळू आवाजात म्हणाले, "त्यो दोरा गाडीसाठी हाय का माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी. गाडीचं मला काय?"

तात्यांनी मनगट पुढं केलं. "मग हितं बांध. अन् एवढं करून बी भ्या वाटत असंल, तर शेजारी बस. तूच संगं असल्यावर मला आनि कशाला काय पायजे?"

 नानीने एकदा लॉरीच्या गळ्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याच्या मनगटाकडे. मग पदर खोचला, गेनबाला बाजूला सारलं आणि वाकून स्वतःच्या हाताने गाठ सोडली. गाठ तेलाने आणि काजळीने घट्ट बसली होती. गेनबा मदतीला आला तर तिने त्याला कोपराने हाणलं. बिब्बा फेकून दिला, तात्यांचा हात उतायला नको म्हणून. दोरा धुतला, पिळला आणि तात्यांच्या मनगटाला बांधला.

"आता तुमी गुरगुरलात तर मला लगीच कळंल," ती म्हणाली.

माघात ती दोघं पालीला निघाली. नानी पुढं बसली, हिरवं लुगडं, नथ आणि मांडीवर आहेराचं गाठोडं. कापूरव्होळ गेलं, नसरापूर गेलं. नानीने एका हाताने दार धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने तात्यांचा सदरा. मार्गासनी गेल्यावर वाट ओढ्याकडे उतरायला लागली. तात्यांनी काही न बोलता पेडल दाबून गेर बदलला आणि बरोबर पाण्याच्या काठाशी, लॉरीचं नाक पार खाली असताना, ती थांबवली. पाय उचलला.

गेनबाने जाताना जादा स्प्रिंगही काढून नेली होती. काहीही आवाज झाला नाही. ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं. पलीकडे कुणाची तरी शेळी ओरडली ती ऐकू आली. तात्यांना वाटलं, घात झाला, बंद पडली. ते हांडेल घ्यायला वाकले.

"बसा," नानी म्हणाली. "चालू हाय ती. माझ्या पायाला कळतंय."

तिने तात्यांचा सदरा सोडला होता. दाराचाही हात सोडला होता. ती खाली पाण्याकडे बघत होती.

"हितंच गेलं जोडवं," ती म्हणाली.

"उतरून बघू का?"

"आता कुठं घावतंय? ऱ्हाऊ द्या."  मग लॉरीच्या पुढच्या पत्र्यावर तिने दोनदा थाप मारली, आपण बैलाच्या पाठीवर मारतो तशी. "उभी ऱ्हायली. बैलावानी उभी ऱ्हायली."

तात्या तिथं रडले, असं नानी सांगते. तात्यांच्या गोष्टीत त्या वेळी धूर फार होता. मी नानीचं खरं धरतो. ती लॉरी त्या दिवशी धूर करण्याइतकी वाईट वागत नव्हती.